एकच गाणं सांगायचं झालं तर कुठलं सांगाल?

माटोळी (डिचोली) · सोमवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी,

मुलगी सप्टेंबरच्या शेवटी शिकायला जर्मनीला चालली आहे. बॅगा, कागदपत्रं, लोणच्याच्या बरण्या हे सगळं चालू आहेच. त्यात तिने घरातल्या प्रत्येकाकडे एक मागणी केली आहे. प्रत्येकाने तिला आपलं सगळ्यात आवडतं गाणं द्यायचं, एकच. ती ते फोनमध्ये घालून नेणार आणि घरची आठवण आली की लावणार. सासऱ्यांनी अर्ध्या मिनिटात सांगितलं. यजमानांनी दुसऱ्या दिवशी चहा पिताना सांगितलं. धाकट्याने तीन वेळा बदललं, पण दिलं. मी अकरा दिवस नुसती विचारच करते आहे, आणि ती रोज रात्री भांडी आवरताना विचारते, "आई, तुझं?"

अडचण अशी की मला खरोखरच सगळं आवडतं. माझं माहेर थिवीचं. बाबा चवथीला आरत्यांना घुमट (मडक्याला चामडं ताणून केलेलं वाद्य) वाजवायचे. पावसाळी दिवस, घुमटाचं चामडं दमट होऊन सैल पडायचं. मग ते चुलीपाशी उकिडवे बसून घुमट निखाऱ्यांवर फिरवत राहायचे आणि मधूनमधून बोटांनी टिचकी मारून आवाज बघायचे. पहिला आवाज ओल्या पोत्यावर मारल्यासारखा येई. हळूहळू तो चढत जाई, आणि एका क्षणी असा घुमे की शेजारच्या खोलीतली आजी म्हणायची, "आता झालं." ती टिचकी मला आजही ऐकू येते. ते माझं आवडतं संगीत नाही असं कसं म्हणू?

पण मग नाट्यगीतं? देवळाच्या मांडवात रात्र रात्र बसून ऐकलेली. कॉलेजला पणजीला गेले तेव्हा मैत्रिणीच्या कॅसेटवर रेमो फर्नांडिस ऐकला आणि गोव्यातला माणूस गोव्याबद्दल इंग्रजीतही असं गाऊ शकतो हे कळलं. लग्नानंतर यजमानांमुळे गझल आली. मुलांमुळे रहमानची तमिळ गाणी आली, शब्द कळत नाहीत तरी आवडतात. पोर्तुगीज फादो ऐकताना तेच होतं. एक अक्षर कळत नाही आणि घशाशी काहीतरी दाटून येतं.

बरं, प्रत्येकाची वेळ वेगळी. सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) पोंपों वाजायच्या आधी मला गायिका मोगूबाई कुर्डीकर लागतात. दुपारी स्वयंपाकघरात त्या चालत नाहीत. संध्याकाळी पाऊस लागला की आणखी तिसरंच काही. मग 'सगळ्यात आवडतं' हे कुठल्या वेळेचं धरायचं?

तुम्ही हे कधी ठरवलंय का? ठरवलं असेल तर कसं? मनापासून विचारते आहे.

---

कांपाल · सोमवार, रात्री ११.१५

मी माझ्यापुरत्या तीन कसोट्या लावते. मध्येच थांबवावं लागलं तर जीव हळहळतो ते कुठलं? कुणी दुसऱ्याने वाईट गायलं तर राग येतो ते कुठलं? आणि तिसरी, घरच्यांना विचारायचं की काम करताना मी काय गुणगुणते. बऱ्याचदा तिन्ही उत्तरं वेगळी येतात, पण निदान यादी तिनावर येते.

---

तिसवाडीकर · मंगळवार, सकाळी ८.०५

माटोळीताई, तुम्ही एका घरासाठी अकरा दिवस अडला आहात. अख्ख्या पृथ्वीसाठी हे काम करायची वेळ आली तेव्हा काय झालं ते सांगतो, कारण त्यात आपल्या गोव्याची एक बाई आहे.

१९७७ मध्ये अमेरिकेने व्हॉयेजर १ आणि २ ही दोन यानं सोडली. दोन्हींवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी आहे. कधी काळी कुणा परक्याला सापडली तर इथे कोण राहत होतं ते त्याला कळावं म्हणून. ५५ भाषांमधले नमस्कार तिच्यावर आहेत आणि त्यात मराठीही आहे. संगीताचा भाग सुमारे ९० मिनिटांचा. कार्ल सेगन आणि त्यांच्या मंडळींनी जगभरातलं संगीत धुंडाळलं आणि शेवटी २७ तुकडे घेतले. एक नाही, २७. त्यात बाखच्या तीन रचना आहेत, चक बेरीचं रॉक अँड रोल आहे, आणि भारताची म्हणून एकच चीज आहे: फोंडा महालातल्या केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी, 'जात कहाँ हो'. साडेतीन मिनिटांची.

व्हॉयेजर २ सुटलं २० ऑगस्ट १९७७ ला. केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला. जेमतेम चार आठवड्यांचं अंतर. आज दोन्ही यानं सूर्यमालेतल्या सगळ्या ग्रहांच्या पलीकडे गेली आहेत आणि केरीचा आवाज त्यांच्यासोबत चालला आहे. रात्री गच्चीवर उभा राहिलो की मला हे आठवल्याशिवाय राहत नाही.

सांगायचा मुद्दा, जाणकारांनाही पृथ्वीचं एक गाणं निवडता आलं नाही. त्यांनी जागा होती तेवढी भरली. मुलीच्या फोनमध्ये जागा किती आहे ते विचारा.

---

माटोळी · मंगळवार, सकाळी ९.३०

भैरवी तबकडीवर आहे हे ऐकून होते, पण तारखा अशा शेजारी ठेवून कधी बघितल्या नव्हत्या. अंगावर काटा आला.

जागेचं विचारून झालं. म्हणते, "यादी नको आई, यादी मी कुणाचीही करू शकते."

---

शापोरा_किनारी · मंगळवार, दुपारी १.२०

मी वेर्ण्याला कंपनीत आहे, रोज दीडेक तास बसमध्ये जातो, सगळं ऐकणं तिथेच. गेल्या डिसेंबरात फोनमधल्या ॲपने वर्षभरात सगळ्यात जास्त ऐकलेलं गाणं दाखवलं. माझं काय निघालं असेल? पावसाच्या आवाजाची तासभराची फीत. बाळ जन्मलं होतं, ते त्याशिवाय झोपत नव्हतं, आणि बायको दमली की मी त्याला छातीवर घेऊन ते लावून अंधारात फेऱ्या घालायचो. शंभराहून जास्त रात्री.

तेव्हापासून मी 'जास्त ऐकलं म्हणजे आवडतं' हे हिशेबातून काढून टाकलं. आणि तरीही परवा खराखुरा पाऊस कौलांवर पडायला लागला तेव्हा माझा हात आपोआप छातीशी गेला. म्हणजे ते माझं गाणं आहे की नाही, मला सांगता येत नाही.

---

षड्ज (फोंडा) · मंगळवार, रात्री ९.५०

थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका.

सगळंच आवडतं हे ऐकायला छान वाटतं, पण त्याची किंमत मोजावी लागते. मी वीस वर्षं एका गुरुजींकडे शिकलो. पहिली दोन वर्षं फक्त यमन. त्या दोन वर्षांत घरात दुसरं काही लावायची मुभा नव्हती. तेव्हा चिडायचो. आज तीव्र मध्यम लागला की मला तो कुठून आला आणि कुठे जाणार आहे ते दिसतं. हे एका जागी मुक्काम केल्याशिवाय मिळत नाही. आज खयाल, उद्या फादो, परवा तमिळ, अशाने ओळखी खूप होतात, घरोबा कुणाशी होत नाही. तुम्हाला एक गाणं निवडता येत नाही याचं कारण कदाचित हेच असेल.

तुम्हाला दुखवायचा हेतू नाही. स्वतःच्या अनुभवातून लिहिलं.

---

माटोळी · मंगळवार, रात्री १०.३०

दुखावले नाही. रात्रभर यावर विचार करीन असं दिसतंय. पण एक सांगू? घुमटाचा आवाज चढताना ऐकण्यासाठी मला कुणी बसवलं नव्हतं. मी चुलीपाशी शेंगदाणे भाजायला म्हणून बसायचे. त्याच्याशी माझा घरोबा आहे. फादोशीही आहे असं मी म्हणणार नाही, तिथे मी पाहुणी आहे. पण पाहुणी म्हणून गेलेल्या घरातही कधी कधी माणसाला रडू येतं.

---

कांसाळें (सत्तरी) · बुधवार, सकाळी ७.१५

षड्जजींचं म्हणणं अर्धं पटलं. एका ठिकाणी मुरल्याशिवाय खोली येत नाही, हे शंभर टक्के. आमच्याकडेही घुमटावर बसायला मिळायच्या आधी दोन चवथी नुसतं कांसाळें (झांज) धरावं लागतं, शामेळाला (जोडनगाऱ्याला) तर लहान पोराला हात लावू देत नाहीत. (२०१९ मध्ये घुमट राज्याचं वारसा वाद्य झालं तेव्हा आमच्या वाड्यावर पेढे वाटले होते. घोरपडीच्या कातड्याची जागा आता बकऱ्याच्या कातड्याने घेतली आहे, आवाजात फरक आहे, पण ती चर्चा वेगळ्या धाग्यावर करू.)

उरलेलं अर्धं पटलं नाही, कारण आपल्याच मातीतली उदाहरणं उलट सांगतात. लयब्रह्मभास्कर खाप्रुमामा पर्वतकर दोन हातांनी आणि दोन पायांनी एकाच वेळी वेगवेगळे ताल धरायचे. सगळे ताल समेवर एकत्र यायचे. चार ठिकाणी लक्ष असलं म्हणजे एकही ठिकाण नीट धरलेलं नाही, असं त्यांच्यासमोर कोण म्हणेल?

आणि अभिषेकीबुवा. मंगेशीचा मुलगा, घरात कीर्तन. आग्रा आणि जयपूर दोन्हीकडची तालीम घेतली. आकाशवाणीवर नोकरी करताना कोकणी गाण्यांना चाली दिल्या. मग नाट्यसंगीत, मग अभंग. 'कट्यार काळजात घुसली' १९६७ चं. त्यातलं 'घेई छंद मकरंद' घ्या. शब्द तेच, चाली दोन. एक पंडितजींच्या घराण्याची, सालगवराळीतली, ठहराव असलेली. दुसरी खाँसाहेबांची, धानीतली, उसळणारी. एकाच माणसाने दोन्ही बांधल्या. दोन्हीकडे त्याचा जीव नसता तर नाटकातलं भांडण खरं वाटलं असतं का? मी लहानपणापासून ठरवतो आहे की त्यातली कुठली जास्त आवडते. मुलाच्या मुंजीच्या आदल्या रात्री ठरलं होतं. सकाळी बदललं.

---

षड्ज · बुधवार, सकाळी ८.४०

अभिषेकीबुवांचं नाव काढलंत, मी हात जोडले. एवढंच म्हणेन की बुवांनी दोन्ही परंपरा पायरीपायरीने चढून घेतल्या, नुसत्या कानावरून जाऊ दिल्या नाहीत. पण 'पाहुणी' हा माटोळीताईंचा शब्द माझ्या मनात राहिला आहे.

---

पाजीफोंड (मडगाव) · बुधवार, दुपारी ३.००

आमच्या गल्लीत एका बाजूला गणपती, दुसऱ्या बाजूला खुरीस (क्रूस). लग्न कुणाकडचंही असो, रात्र संपायच्या वेळी तोर्कुआतो द फिगेरेदो यांचा 'आदेउस कोरचो वेळु पावलो' हा मांडो (गोव्याचं नाचगाणं) व्हायचाच. निरोपाची घटका आली, एवढाच त्याचा अर्थ. मांडो संथ, जड पावलांचा. तोरोप-बाजू हा खास पोशाख घातलेल्या बायका हातातला पंखा हलवत दोन पावलं पुढे येणार, दोन मागे जाणार. बाजूला व्हायोलिन आणि, कांसाळेंभाऊ, तुमचंच घुमट. आरतीत जे धावतं ते मांड्यात कसं पाय ओढत चालतं, हे ऐकून एकाच मडक्यात दोन माणसं राहतात असं मला लहानपणी वाटायचं.

माझं एक गाणं विचाराल तर 'हांव सायबा पलतडी वयतां' ही देखणी (नाचाचं कोकणी गाणं). कार्लुस एउजेनिओ फेरेरा यांची. कलावंतीण नावाड्याला विनवते की दामूच्या लग्नाला जायचंय, मला पलीकडे सोड. एकेक दागिना काढून देऊ करते. पुढे १९७३ मध्ये राज कपूरने 'बॉबी'त तिच्यावरून गाणं केलं आणि देशभर गेलं. माझी बहीण दिल्लीला असते. तिथे कुठल्याशा लग्नात ते वाजलं आणि सगळे हिंदी म्हणून नाचत असताना ती एकटी कोपऱ्यात कोकणी शब्द म्हणत उभी राहिली. रात्री फोन करून मला म्हणाली, "आपली नदी कुणाला दिसलीच नाही रे." माझं गाणं त्या फोननंतर ठरलं. त्याआधी ते पाच-सहा गाण्यांतलं एक होतं.

माटोळीताई, मुलगी पलतडी चाललीच आहे, हे गाणं माझ्याकडून तिला द्या.

---

साळावली (सांगे) · बुधवार, रात्री ११.५५

इथे बरंच उशिरा येतो आहे. लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

आमचं घर कुर्डीचं. साळावली धरणाच्या पाण्यात गाव गेलं, आम्हाला वालकिणीला जागा मिळाली. मी तेव्हा सात वर्षांचा. मे महिन्यात पाणी ओसरलं की गाव वर येतं. चिखल वाळून भेगा पडलेल्या, झाडांची नुसती खोडं, घरांची जोती. सोमेश्वराच्या देवळाशी आम्ही सगळे जमतो, उत्सव करतो. मोगूबाई कुर्डीकर इथल्याच, त्यांच्या घराचे अवशेषही लोक दाखवतात. बाहेरचे लोक येतात ते आता बहुतेक फोटो काढायला.

आमच्या घराचं जोतं मला सापडतं ते जात्याच्या जागेवरून. मागच्या पडवीत जमिनीत पुरलेला दगड होता, तो अजून आहे. आजी पहाटे तिथे दळायची आणि ओव्या म्हणायची. त्यातली एक मला फार आवडायची. चाल पूर्ण आठवते. शब्द दीड ओळीचे आठवतात. बाकीचे गेले. आईला विचारलं, तिला दुसरीच एक ओवी येते. आत्याला विचारेपर्यंत आत्या गेली.

माझं आवडतं गाणं ते आहे. त्याची कुठे कॅसेट नाही, कुणी ते गात नाही. दर मे महिन्यात मी त्या दगडापाशी बसून दीड ओळ म्हणतो आणि पुढे नुसती चाल. मुलाने एकदा विचारलं, "बाबा, पुढचे शब्द?" मी म्हटलं, पाण्यात.

तुमच्याकडे निवडायला इतकं आहे याचा मला हेवा वाटत नाही, आनंद वाटतो. पण मुलीला जे द्याल ते आधी स्वतः एकदा पूर्ण म्हणून बघा.

---

षड्ज · गुरुवार, पहाटे ५.४०

साळावलीभाऊ, जेवढी आठवते तेवढी चाल फोनवर गाऊन मला पाठवा. सूर इकडेतिकडे झाला तरी चालेल. मी स्वरलेखन करून, लय मांडून तुम्हाला कागदावर देतो. जमल्यास वालकिणीला येतो. तुमच्या वाडीवर आजीच्या वयाच्या कुणी बायका असतील तर त्यांना चाल ऐकवू. चाल कानावर पडली की शब्द सुचतात, हे मी खूपदा पाहिलं आहे.

---

साळावली · गुरुवार, सकाळी ६.३०

पाठवली. दोघीजणी आहेत. एक ऐंशीच्या पुढची. रविवारी या.

---

माटोळी · शनिवार, रात्री ९.१५

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. साळावलीभाऊंचं वाचून मी गुरुवारी दिवसभर कुणाशी नीट बोलले नाही. मग ठरवलं, म्हणून बघायचं. एकेक गाणं घेतलं आणि पूर्ण म्हणायला लागले. नाट्यगीतांचं पहिलं कडवं येतं, पुढे अडते. गझलेचे दोन शेर. रेमोचं तर ध्रुवपदच. इतकी वर्षं माझी माझी म्हटलेली गाणी मला अर्धीच येतात हे पहिल्यांदा कळलं, आणि वाईट वाटलं.

आज सकाळी बाजारातून बांगडे आणले. मागच्या पायरीवर आडाळा (विळी) घेऊन कापायला बसले. मुलगी आत कपड्यांच्या घड्या करत होती. कांपालताईंची तिसरी कसोटी आठवली म्हणून तिथूनच ओरडून विचारलं, "मी काम करताना काय गुणगुणते गो?" ती दारात आली आणि हसायलाच लागली. म्हणाली, "आई, आत्ता काय म्हणत होतीस?"

'बेबदो'.

ख्रिस पेरींची चाल, लोर्नांचा आवाज. मी वर एवढी लांब यादी दिली, त्यात लोर्नांचं नावसुद्धा घेतलं नव्हतं. मुलगी म्हणते, मासळी कापताना मी कायम हेच म्हणते, शेपटी कापताना जरा थांबते आणि डोकं काढलं की पुन्हा सुरू. ती लहान असताना हे मासळीचंच गाणं आहे असं समजायची. मी बसल्याबसल्या पहिल्यापासून म्हणून बघितलं. शेवटपर्यंत आलं. एकही शब्द अडला नाही.

कुठून आलं तेही आठवलं. थिवीला आमच्या अंगणासमोर आंतोनेत मावशींचं घर. (नाव बदललं आहे.) त्यांच्या बाल्कांवात (दारापुढच्या ओसरीत) रेडिओ असायचा आणि दुपारी पणजी केंद्रावर कोकणी गाणी लागली की त्या आवाज वाढवायच्या, कारण माझी आई मागच्या दारी मासळी कापत असायची आणि तिलाही ऐकू जावं. आईने कधी ते गाणं तोंडाने म्हटलेलं मला आठवत नाही. पण तिचा हात त्या ठेक्यावर चालायचा. पितळी वाद्यांचा तो झटका आला की कोयता खाली. मी बाजूला मांजराला हाकलायला बसलेली असायचे.

गाणं दारुड्याचं आहे. परदेशी निघालेल्या मुलीला आईने द्यावं असं त्यात काही नाही. षड्जजी, त्यातल्या हार्मनीबद्दल तुम्ही विचाराल तर मला काही सांगता यायचं नाही. बाबांचं घुमट मला त्याहून थोर वाटतं, केसरबाईंची भैरवी तर कितीतरी थोर वाटते, आणि तरी हे तिला दिलं. १९९५ मध्ये लोर्ना इतक्या वर्षांनी मिरामारला पुन्हा गायल्या तेव्हा आई ऐकायला गेली नव्हती, तिला दमा होता. गेली असती तर, असं आज दिवसभर मनात येतंय.

मुलीला मूळ रेकॉर्डिंग पाठवलं तर म्हणाली, हे नको, तू म्हण. मग तिने फोन पायरीवर ठेवला आणि मी उरलेले चार बांगडे कापता कापता म्हटलं. आडाळ्याचा आवाज आलाय, मांजराचा आलाय, मध्ये मी "हड्!" म्हणते तेही आलंय. तिने नाव दिलंय, 'आई – बांगडे'.

साळावलीभाऊ, उद्या वालकिणीला काय झालं ते इथे नक्की लिहा. आम्ही वाट बघतो.